मानशीचे दार कधी उघडायचे?

गेल्या महिन्यात या सदरात गालम्याच्या किसमुरीची कृती दिली होती. ती वाचून बेळगावच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विचारले आहे, "गालमो म्हणजे कोळंबीची पिल्लेच ना? एका घासात शंभर पिल्ले खायची म्हणजे उद्याची कोळंबी आजच संपवायची, असे नाही का होत?" प्रश्न सरळ होता, म्हणून लगेच दोन ओळींत उत्तर लिहायला बसले, पण दोन ओळींत ते मावेना. याच्याच जवळपासच्या एका प्रश्नावरून गेले वर्षभर आमच्या घरात बोलाचाली चालू आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

आधी तिचे उत्तर. गालमो, म्हणजे महाराष्ट्रातला जवळा, हे कोळंबीचे पिल्लू नव्हे. ती वेगळी जात आहे, तिचे शास्त्रीय नाव असेटिस. पूर्ण वाढ झाली तरी लांबी दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि सगळा जन्म पाण्यात तरंगत जातो. प्रवाहाविरुद्ध पोहत जाण्याची ताकद नसलेल्या, पाणी नेईल तिकडे जाणाऱ्या प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. हा शब्द आपण शाळेत पाठ करतो, परीक्षेनंतर विसरतो, आणि पावसाळ्याच्या पुरुमेंताच्या डब्यात मात्र तोच प्राणी वाळवून भरून ठेवतो. तेव्हा किसमूर निर्धास्त खा. पिल्ले म्हणून जी खरी चिंता आहे ती दुसऱ्याच जागी आहे, आणि तिथे मी तुम्हाला घेऊन जाणार आहे.

खऱ्या कोळंबीचा जन्म समुद्रात होतो. मोठ्या जातीची एक मादी एका वेळी लाखांनी अंडी सोडते. अंड्यातून एका दिवसाच्या आतच पिल्लू बाहेर पडते, पण त्याला पाहून कोणी कोळंबी म्हणणार नाही. तीन जोड्या पाय असलेला एक ठिपका, बस्स. मग कात टाकत टाकत रूप बदलते, आणि साधारण दोन आठवड्यांनी सेंटिमीटरभराहून लहान, काचेसारखी पारदर्शक, दोन काळ्या डोळ्यांची खरीखुरी छोटी कोळंबी तयार होते. आता तिला नदीचे मुख हवे असते. भरती आली की ती तळापासून वर उठते आणि पाण्याबरोबर आत येते. ओहोटी लागली की तळाशी चिकटून बसते, म्हणजे परत बाहेर ओढली जात नाही. असे टप्प्याटप्प्याने ती खाडीत, खारफुटीत आणि आमच्या खाजनात शिरते. तिथे काही महिने वाढते आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघते. त्या परतीच्या वाटेवर मानशीच्या तोंडाला जाळे लावलेले असते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी खाजन आणि मानस यांबद्दल सांगायला हवे. मांडवी-जुवारीच्या काठची सखल जमीन, जिच्यावर भरतीचे पाणी चढले असते, ती आपल्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून अडवली. पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासूनची ही गोष्ट. बांधात मध्येच पाण्याची वाट असते तिला मानस म्हणतात. तिला लाकडी दारे. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी उंच झाले की आपोआप उघडतात. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि कोरगुटासारखे खारे थोडेफार सोसणारे भात लावतात. ऑक्टोबरात कापणी झाली की दारे वर धरून खारे पाणी हवे तेवढे आत घेतात आणि पुढे मेपर्यंत मासळी, कोळंबी. एकाच जमिनीत अर्धे वर्ष भात, अर्धे वर्ष मासे. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो.

आता भांडण. माझ्या मोठ्या दिरांचे भातशेत खाजनात आहे. दोन वर्षांपूर्वी मानशीचा लिलाव ज्या चौघा पोरांनी घेतला त्यात त्यांचाच धाकटा मुलगा होता. पैसेही त्याने वडिलांकडूनच घेतले होते. त्या सप्टेंबरात, भात पोटरीला आलेले असताना, रात्रीच्या भरतीला मानशीची दारे कोणीतरी वर बांधून ठेवली. एक रात्र नव्हे, तीन-चार रात्री. पंधरा दिवसांत आमच्या शेताचा मानशीकडचा तुकडा पिवळा पडला, लोंब्या पोचट राहिल्या. पुतण्या म्हणाला, मी बांधली नाहीत, पण कोणी बांधली ते मला ठाऊक आहे आणि त्यांचे चूक होते असेही मला वाटत नाही. "सप्टेंबरात दार बंद ठेवले तर पिल्ले आत येणारच नाहीत, मग डिसेंबरात जाळ्यात काय येईल, माती?" भावोजी त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. जेवताना एकाने भाताचे बोलावे, दुसऱ्याने कोळंबीचे, आणि दोन्ही ताटात.

एका संध्याकाळी पुतण्या माझ्याकडे आला. "काकी, तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस ना? मग सांग, पिल्ले कधी येतात? बाबांना तुझे पटेल." मला पुस्तकातले सांगता आले असते. पण आमच्या मानशीचे पुस्तकात काही लिहिलेले नव्हते. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतले प्लवकांचे जाळे मागून आणले. हे जाळे म्हणजे पांढऱ्या बारीक कापडाची लांब टोपी, तोंडाला धातूचे कडे, शेपटाला बाटली. कापडाची भोके मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. अशी जाळी तशी जुनीच. १८२८च्या सुमारास आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात जॉन व्हॉन थॉम्पसन नावाचा लष्करी डॉक्टर अशाच बारीक जाळ्याने पाणी गाळत बसे. लोक ज्याला स्वतंत्र प्राणी समजत होते तो 'झोइया' खेकड्याचेच पिल्लू आहे, हे त्याने दाखवून दिले. आम्ही मात्र लिलाव कोणाला परवडेल हे पाहायला निघालो होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यापासून सुरुवात केली. उधाणाच्या रात्री, भरती चढत असताना, मी आणि पुतण्या होडीतून मानशीच्या बाहेर जाळे ओढायचो. एकदा वर, एकदा तळालगत. मेमध्ये नदीच्या मुखाकडचे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास. बाटली वर काढली तर आत साबुदाण्याच्या खिरीसारखे दाट. दिव्यासमोर धरली तर सगळे टुणटुण उड्या मारणारे. त्यातले बहुतेक कोपेपॉड. तांदळाच्या कणीहून लहान, दोन लांब मिशा, एक लाल डोळा. समुद्रातल्या लहान प्राण्यांची जनगणना केली तर बहुतेक ठिकाणी यांचाच नंबर पहिला लागतो. बांगड्याच्या पोटात यांची भरताड असते.

पुतण्याला सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसली ती एक मादी, शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या लावलेली. ती ओइथोना. "ही बाजारातून दोन पिशव्या घेऊन आल्यासारखी दिसते," तो म्हणाला. तिच्या शेजारी अकार्शिया होती, तिला पिशवी नाही. ती अंडी सरळ पाण्यात सोडते, खायला भरपूर असेल तर रोज डझन-दोन डझन, कधी जास्त. खाणे कमी झाले की एक-दोन दिवसांत अंडीही कमी. आपल्या उबदार पाण्यात अंडे दिवसभरात फुटते. मग सहा अवस्था एका रूपाच्या, पाच दुसऱ्या रूपाच्या, आणि दोनेक आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार. इतक्या झपाट्याने वाढणारा प्राणी ऋतू बदलला की लगेच कळवतो. म्हणून मी पुतण्याला म्हटले, तू फक्त कोळंबी मोजू नकोस, यांनाही मोज. पाण्यात काय चालले आहे ते हे आधी सांगतील.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. नदी लाल झाली. जाळ्यात पानांचे तुकडे, किड्यांच्या अळ्या, आणि वरच्या अंगाकडून वाहून आलेले गोड्या पाण्यातले कोपेपॉड. मेमधली अकार्शिया नाहीशी. ओइथोना नाही. कोळंबीचे पिल्लू एकही नाही. जुलैच्या अखेरीस तर बाटलीत मोजण्यासारखे काही नव्हते. पुतण्याचा चेहरा पडला. मी मोठ्या आत्मविश्वासाने वहीत लिहिले, 'पावसाळ्यात खाडीतले प्राणिप्लवक संपते.' ऑगस्टमधल्या बांध समितीच्या बैठकीत तेच वाक्य उभी राहून बोलले. भावोजींनी मान डोलावली. मला फार बरे वाटले.

त्या वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक म्हणजे मी नदीच्या आत उभी राहून समुद्राबद्दल बोलत होते. नदीचे मुख पावसाने धुतले जात असते तेव्हाच बाहेर, किनाऱ्यापासून थोडे दूर, वेगळेच चालू असते. नैऋत्येच्या वाऱ्याच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले गार पाणी वर सरकते. त्या पाण्यात प्राणवायू कमी, पण खत भरपूर. ऊन पडले की त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर प्राणिप्लवक. अशा वेळी पेनिलिया, इव्हॅडनी असले इवलेसे प्राणी एकदम लोंढ्याने दिसू लागतात. कारण त्यांच्या माद्यांना नराची वाट पाहावी लागत नाही. सुगी असेपर्यंत माद्याच माद्यांना जन्म देत सुटतात, आणि दिवस वाईट येऊ लागले की मग नर निपजतात आणि टिकाऊ अंडी घातली जातात. तारलीचा प्रजननकाळही पावसाळ्यातच येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीकडे आपण 'समुद्र खवळलेला असतो म्हणून' एवढ्याच अर्थाने पाहतो. पाण्याखाली तेव्हा बाळंतिणीची खोली असते. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. तेच कमी प्राणवायूचे पाणी पावसाळ्याच्या शेवटी गोव्यासमोर उथळ भागात पसरते. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर समुद्रात एका ठरावीक रेषेवर वर्षानुवर्षे जाऊन ते मोजत आले आहेत. तळाशी श्वास घेणाऱ्यांना तेव्हा जागा सोडावी लागते. तेव्हा पावसाळ्यात प्लवक कमी होते की वाढते, याचे उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे.

दुसरी चूक मला एका बरणीने दाखवली. जुलैत मानशीजवळच्या चिखलाचा एक नमुना मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून पडवीत ठेवला होता आणि विसरले होते. बैठकीनंतर चार दिवसांनी तो टाकून द्यायला घेतला. टाकण्याआधी सहज, खरे तर आळसाने, त्यातला वरचा चमचाभर चिखल एका ताटलीत घेतला आणि त्यावर कॉलेजातले गाळलेले समुद्राचे पाणी ओतून ठेवले. तिसऱ्या दिवशी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तीन जोड्या पायांचे ठिपके झटके देत फिरत होते. कोपेपॉडची पिल्ले. मी गाळलेले पाणी ओतले होते, तेव्हा ती आली कुठून? चिखलातल्या अंड्यांतून. अकार्शियाच्या कुळातल्या बऱ्याच जाती दिवस प्रतिकूल झाले की अंडी तळाला सोडतात, आणि ती अंडी चिखलात निजून राहतात. प्राणवायू नसलेल्या चिखलात खोल गाडली गेलेली काही अंडी तर दशकांनंतरही फुटल्याची नोंद आहे. वरच्या थरातली अंडी मात्र खारेपणा परतण्याची वाट पाहत असतात. आमच्या होडीवाल्या काकांना ताटली दाखवली. त्यांनी डोळा लावून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे गेलीं नात, न्हिदल्यांत." गेली नाहीत, झोपली आहेत. हेच वाक्य माझ्या वहीत हवे होते.

पुढच्या बैठकीत मला उठून सांगावे लागले की मागच्या वेळी मी म्हटले ते अर्धेच खरे होते. तुम्ही कधी बांध समितीच्या बैठकीला गेला नसाल, तर सांगते, तिथे आपले बोलणे दुरुस्त करणाऱ्याला फारसे कोणी पुन्हा ऐकत नाही. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आधी जेवण वाढता आणि मग मीठ घालता." हशा पिकला. पण पुतण्या हसला नाही. कारण त्याला खरी उत्सुकता सप्टेंबरची होती.

सप्टेंबरच्या मध्यावर, अमावास्येच्या उधाणाला, आम्ही गेलो. वरच्या पाण्यात जाळे ओढले. पाणी चाखून पाहिले तर अळणी, आणि बाटलीत जवळपास काही नाही. मी मनात म्हटले, चला, भावोजी जिंकले. मग तळालगत ओढले. गोडे पाणी हलके, म्हणून वर तरंगते. समुद्राचे जड, म्हणून ते भरतीबरोबर खालून पाचरीसारखे आत घुसते. त्या खालच्या बाटलीत अकार्शिया परतली होती. आणि सात-आठ काळे डोळे चमकत होते. कोळंबीची पिल्ले. पुतण्या काही बोलला नाही, फक्त बाटली माझ्या हातातून घेऊन बराच वेळ धरून बसला.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा गेलो. तोपर्यंत पाऊस थांबून पाणी वरपासून खालपर्यंत खारट होऊ लागले होते. तळाच्या बाटलीत पिल्ले मोजता मोजता आम्ही शंभरावर थांबलो, अजून निम्मी बाटली राहिली होती. नोव्हेंबरातही तशीच. कोपेपॉड तर मेसारखे दाट, आणि जवळजवळ प्रत्येक ओइथोनाच्या पाठीशी दोन पिशव्या.

तेव्हा पुतण्याचे म्हणणे खोटे नव्हते: सप्टेंबरातही काही पिल्ले येतात. भावोजींचेही खोटे नव्हते: ज्या पाण्याच्या थरातून ती येतात तोच थर सर्वांत खारट, आणि मानशीचे दार वर बांधले की तोच आधी आत शिरतो. पिल्ले घ्या आणि मीठ बाहेर ठेवा, असे दार अजून कोणी बनवलेले नाही. खरा लोंढा मात्र कापणीनंतर येतो, निदान त्या वर्षी आमच्या मानशीवर तरी. एका वर्षाच्या, एका मानशीच्या मोजणीवर गावाचा नियम करू नये, हेही मी सांगितले. या वेळी मीठ आधीच घातले.

समितीने ठरवले की शेवटचा भारा खळ्यावर पोचेपर्यंत रात्रीची दारे बांधायची नाहीत, आणि किल्ली शेतकऱ्यांपैकी एकाकडे राहील. त्यावर पुतण्या उभा राहिला. "ठीक. पण मग लिलावाची रक्कम पूर्ण मोसमाची का? सप्टेंबर-ऑक्टोबर तुम्ही काढून घेतलात, तर तेवढे पैसे कमी करा. आमचे कर्ज पूर्ण मोसमाचे असते." मला त्याचे म्हणणे रास्त वाटले आणि मी तसे म्हटले. भावोजींनी माझ्याकडे पाहिले. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, "ती पिल्ले ऑक्टोबरात किती होती म्हणालीस?" मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने पाहिली, मेपासून नोव्हेंबरपर्यंत.

रक्कम कमी करायची की नाही, याचा निर्णय समितीने पुढे ढकलला आहे. लिलाव पुढच्या महिन्यात आहे. पुतण्याने अजून नाव दिलेले नाही. त्याचे तीन भागीदार म्हणतात, रक्कम तीच राहिली तर परवडणार नाही. भावोजी काल त्याला म्हणाले, नाव दे, कमी पडतील ते मी घालतो. त्यावर दोघांचे पुन्हा वाजले, कारण त्याला त्यांचे पैसे नको आहेत, त्याला कमी केलेली रक्कम हवी आहे.

यंदा मेमध्ये कॉलेजचे जाळे मी परत केले. आता पुतण्याने बाजारातून बारीक मलमल आणून, आईकडून शिवून घेऊन, स्वतःचे केले आहे. कडे जुन्या छत्रीच्या तारेचे. भोके जरा मोठी आहेत, त्यामुळे कोपेपॉडची लहान पिल्ले निसटतात. पण कोळंबीची अडकतात, आणि त्याला तीच मोजायची आहेत. बेळगावच्या मुलीने सुट्टीत इकडे यायचे ठरवले तर ऑक्टोबरच्या उधाणाला यावे. होडीत एक जागा आहे. अंगावर जुने कपडे असू देत, चिखल गुडघ्यापर्यंत लागतो.